समासातली पेन्सिल

एक सप्टेंबरला तेवीस मुलांनी तेवीस गुच्छ आणले
आणि वर्गात फुलदाणी एकही नाही.
डेलिया, अ‍ॅस्टर,
एकाने तर वाटेवरचा लसूणघासच उपटून आणलेला, जांभळ्या फुलांसकट.
मी सगळं कोळशाच्या बादलीत ठेवलं.
तळाला भुकटी होती
हे पाणी काळं झाल्यावर कळलं.

नारीनच्या कॉलेजात शिकवलं होतं:
पाच मिनिटं स्वागत, दहा मिनिटं उजळणी,
वीस मिनिटं नवा पाठ.
कुणी बोललं नव्हतं
की पाच मिनिटं नाड्या बांधण्यात जातात,
दहा एका पडलेल्या दाताच्या शोधात
(अख्खी दुसरी बाकांखाली रांगत होती, मीसुद्धा),
आणि उरलेली वीस
दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या शिंगराची.

मला ती 'एझे' म्हणतात. ताई.
पहिल्यांदा हाक आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं.
मागे फळा होता.

इरिसकेल्दी मात्र हाकच मारत नसे.
खिडकीपाशी बसायचा, नाव पुकारलं
तर डोंगराकडे बघायचा.
तिसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला,
म्हटलं, कान आहेत की टोपी अडकवायच्या खुंट्या?
वर्ग हसला.
तोही हसला,
पण जरा उशिरा,
इतरांची तोंडं बघून झाल्यावर.
हे मला तेव्हा दिसलं होतं.
दिसलं होतं, आणि मी पुढचं गणित घातलं.

ऑक्टोबरात बर्फ खाली उतरला.
कोळसा ओला, भट्टी हट्टी.
पेटवायला कपाटातला गेल्या वर्षीचा हजेरीपट घेतला,
रोज दोन पानं, कधी तीन.
कागद जाड होता, छान धरायचा.

असंच एका सकाळी पान चुरगळताना
समासात पेन्सिल दिसली.
बारीक अक्षर, साकिनबू एझेंचं:
'इरिसकेल्दी – डाव्या कानाने ऐकू येत नाही. भिंतीकडे डावा कान करून बसवावे.'
'आयतुर्गान – डबा आणत नाही, विचारू नये, आपला अर्धा द्यावा.'
'बेकतेमिर – सातचा पाढा आला की रडतो. कारण सापडले नाही.'

मी भट्टीचं दार उघडलं.
आत सप्टेंबर होता, ऑक्टोबर होता,
नोव्हेंबरचं एक कोपरं अजून लाल.
चिमट्याने एवढंच हाती आलं,
नखाएवढ्या राखेसकट:
'बेरमेतला कधीही'

पुढे काही नाही.
आमच्या भाषेत क्रियापद शेवटी येतं.

टोकमोकला फोन केला. मुलगी म्हणाली,
आईचं आता एवढंच चालतं, दिवसभर विचारते,
भट्टी पेटली का, पोरं गारठली असतील.
मग फोन तिच्या हातात दिला.
मी म्हटलं, पेटली, एझे.
लगेच पेटली.
त्या म्हणाल्या, बरं झालं, आणि फोन उलटा धरून बसल्या बहुतेक,
कारण नंतर नुसता
त्यांच्या घरातल्या घड्याळाचा आवाज येत राहिला.

इरिसकेल्दीची जागा बदलली.
पहिल्या दिवशी त्याने वळून पाहिलं,
शाळेत एवढे आवाज असतात
यावर विश्वास न बसल्यासारखं.
मी माफी मागितली नाही. कशी मागायची ते कळेना.
डबा दोन वाट्यांत आणते, तेवढं जमलं.

आणि बेरमेत.
तिसऱ्या बाकावर, लाल मफलर, शेंबूड, सगळं नेहमीचं.
तिला कधीही ओरडू नये? कधीही घरी सोडावं?
कधीही एकटीला फळ्याशी उभं करू नये?
की कधीही पाणी प्यायला जाऊ द्यावं, एवढंच साधं काही?
तिच्या आईला विचारलं. आई हसली, म्हणाली, पोरगी चांगली आहे.

नव्या हजेरीपटाच्या समासात तिचं नाव लिहून ठेवलंय,
पेन्सिलला टोकही काढलंय.
आज तिने पेन्सिलचं मागचं रबर चावून खाल्लं,
आणि मी बघते आहे हे पाहून
उरलेलं माझ्यापुढे धरलं.